पखवाजाची कणीक

आमच्या गावकीच्या खोलीत कुणी नुसतं "पेटी उचल" म्हणालं, तर विचारावं लागे, कपड्यांची की सुरांची? पत्र्याच्या ट्रंका बत्तीस होत्या, भिंतीला लागून छतापर्यंत रचलेल्या. सुरांची पेटी एकच. ती कोपऱ्यात, जुन्या धोतरात गुंडाळलेली, आणि तिच्या शेजारी पखवाज. कितीही गर्दी झाली तरी पखवाजावर पाय टाकून कुणी झोपत नसे. माणसाच्या अंगावर पाय पडला तर चालायचं.

ही खोली डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. मी 1966 साली, बारा वर्षांचा असताना, बाबांचं बोट धरून तिथे आलो. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मला वाटायचं की मुंबईत बाबांचं घर आहे. पाहतो तर 160 चौरस फुटांत बत्तीस जणांचा पट. पहिली पाळी उठून गेली की तिसऱ्या पाळीवाले येऊन त्याच चटयांवर पडायचे, आधीच्याच्या अंगाची ऊब असतानाच. रविवारी सगळे एकदम घरात आले की निम्म्यांनी व्हरांड्यात जायचं. मी ट्रंकांच्या दुसऱ्या थरावर झोपायचो. पोरगं आहे, पडलं तरी खाली माणसंच आहेत, असा हिशेब.

पुढे 1976 ला मी पोस्टात लागलो, लग्न झालं, खोली सुटली. पण गावच्या मंडळाचा चिटणीस म्हणून खोलीच्या वह्या माझ्याकडे आल्या, त्या अजून आहेत. वर्गणीची वही, भाड्याची वही, आणि लाल पुठ्ठ्याची एक जाड वही, तिच्यावर नुसतं 'भजन' लिहिलेलं. निवृत्त झाल्यावर त्या वाचत बसलो. गिरणगावावर पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यात संप आहेत, मोर्चे आहेत, गोळीबार आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण आमच्या तीन वह्यांत सर्वांत जाड वही भजनाची निघाली. हे काय प्रकरण आहे, ते बघावं असं मनात आलं.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये काढली. ताडदेवला 1856 मध्ये ती सुरू झाली. त्यानंतर शंभर वर्षं या शहराला माणसं लागत राहिली आणि ती बाहेरून येत राहिली. 1921 च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या दर शंभरांपैकी मुंबईत जन्मलेले सोळाच होते. उरलेले चौऱ्याऐंशी कुठून ना कुठून आलेले, आणि त्यांत एकट्या रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सगळ्यांत मोठा. तेव्हाच्या रत्नागिरीत आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही आला.

माणूस यायचा तो मात्र मोकळा, सुटा येत नसे. गिरणीत भरती जॉबरच्या हातात. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या जातीचा माणूस लावायचा. त्यामुळे एका खात्यात एका पट्ट्यातली माणसं जमायची. मदनपुऱ्याचे मुसलमान विणकर आणि वरळी-प्रभादेवीकडचे तेलुगू पद्मशाली हातमागाची विद्या घेऊन आलेले, ते साच्यावर, म्हणजे विणकाम खात्यातल्या मागावर गेले. आमचे कोकणातले लोक शेतकरी. नांगर धरलेल्या हातांनी धोटा धरला, कारण आधीच्या कुणा काकाने धरला होता. बाबा 1946 ला मुसाकाजीच्या बंदरातून आगबोटीने आले. दुसऱ्याच वर्षी, 17 जुलै 1947 ला, गटारी अमावास्येच्या दिवशी रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आजीने गावाहून पत्र लिहवून घेतलं, परत ये. बाबा म्हणाले, परत यायचं तरी बोटीनेच ना?

म्हणजे पाळी, खातं, चाळ, खाणावळ, झोपायची जागा, सगळं गाव ठरवायचं. मग माणसाने स्वतः ठरवायचं असं काय उरलं? माझ्या मते आवाज. रविवारी संध्याकाळी तो कुठल्या घोळक्यात बसायचा, ते त्याचं तो ठरवायचा. घाटावरचे सातारा-कोल्हापूरकडचे पैलवान गडी तालमीत जायचे. तमाशाचे शौकीन लालबागच्या हनुमान थिएटरला. चिपळूण-गुहागरकडच्यांचं जाखडी आणि शक्ती-तुरा. त्यांचे शाहीर एकमेकांना कोड्यात पकडायला रात्र रात्र जागायचे. आमच्याकडे भजन, आणि भजनात डबलबारी. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, दोन्हीकडे झील धरणारी मंडळी, आणि मधे कान टवकारून बसलेली चाळ. स्तवनाने सुरुवात, मग अभंग, गौळण, शेवटी गजर. भक्ती असायचीच, पण समोरच्या बुवाला उत्तर सुचू नये ही इच्छाही तेवढीच तीव्र असायची.

या सगळ्याला रविवार लागतो. रविवारची सुट्टी आज आकाशातून पडल्यासारखी वाटते, पण ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवली. लोखंडे सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. त्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना काढली आणि आठवड्याची सुट्टी मागितली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार. इंग्रजांचा चर्चचा दिवस आणि जेजुरीच्या देवाचा दिवस एकच निघाला. 10 जून 1890 पासून मुंबईच्या गिरण्या रविवारी बंद राहू लागल्या. माणूस आपलं दैवत गाठोड्यात बांधून शहरात येतो आणि शहराचं कॅलेंडर बदलून टाकतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता कणकेचं सांगतो.

पखवाजाला दोन तोंडं. उजव्या पुडीवर काळी शाई कायमची बसवलेली. डावी पुडी कोरी असते. तिच्यावर दर वेळी वाजवायच्या आधी ओल्या कणकेचा गोळा थापायचा, तेव्हा तो घुमार येतो. कणीक जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर पत्र्याचा डबा. भजन संपलं की खरवडून काढायची, नाहीतर रात्रीत झुरळं पुडी कुरतडतात. हे काम पोरांचं, म्हणजे माझं.

खोलीत चूल नव्हती. जेवण खालच्या मजल्यावरच्या मावशींच्या खाणावळीत. मावशी कोरेगावकडच्या, नवरा गिरणीत बदलीवर, महिन्यात पंधरा दिवस काम आणि पंधरा दिवस दारात बसणं. त्यांच्याकडे चाळीसेक ताटं होती. रविवारी सहा वाजता मी वाटी घेऊन उभा राहिलो की त्या परातीतून गोळा तोडत म्हणायच्या, "माणसं जेवली न्हाईत अजून, अन् तुमचं ढोलकं आधी?" पण द्यायच्या. महिनाअखेरीला खाणावळीचं बिल यायचं, त्यात ताटांच्या खाली एक ओळ असे: पखवाज, चपात्या आठ. चार रविवारच्या दोन-दोन. ही ओळ मी भजनाच्या वहीतही पाहिली, खर्चाच्या बाजूला, वर्षानुवर्षं. पखवाज हा आमच्या खोलीचा तेहतिसावा माणूस होता आणि तो जेवणाचे पैसे भरायचा.

गिरणगावातल्या अशा खाणावळवाल्या बायांची संख्या हजारांत होती, आणि त्यांच्या हातची भाकरी खाऊन गिरण्या चालल्या. सावकाराच्या व्याजाखाली त्या पिचत होत्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांचं नाव कागदावर लागलं. आमच्या खोलीत मात्र बाईमाणसाला उंबऱ्याच्या आत यायची चाल नव्हती. मावशींनी दहा वर्षं कणीक दिली, पण आमचं भजन त्यांनी ऐकलं ते जिन्यात बसून. तेव्हा कुणाला यात काही खटकलं नाही. मलाही नाही.

एकदा फजिती झाली ती माझ्यामुळे. परळच्या दामोदर हॉलला बारी होती. दामोदर हॉल म्हणजे गिरणगावाचं नाक. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने तो 1922 मध्ये उभारला. दिवसभर साच्यावर राबलेले लोक तिथे रात्री राजाचा पोशाख घालून उभे राहिले, कामगार रंगभूमी तिथेच वाढली. तिथली बारी म्हणजे आठवडाभर आधी झोप नाही. मी कणीक भिजवली, ती घाईत सैल झाली. दुसऱ्याच अभंगाला गोळा सुटला आणि थेट आमच्या बुवांच्या धोतरावर. समोरच्या बुवांनी जागच्या जागी एक कडवं रचलं, त्यात पखवाजाला जुलाब झाले होते. हॉल हसून हसून आडवा. भजनाच्या वहीत त्या दिवसाची नोंद फक्त दोन शब्दांची आहे: "बारी हरलो." माझं नाव घातलेलं नाही, हा चिटणीसकाकांचा मोठेपणा.

त्याच हॉलची दुसरी एक आठवण मात्र आमच्या वहीत नाही, ती मला पुस्तकांतून कळली. 9 मार्च 1924 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दामोदर हॉलमध्ये बैठक बोलावली होती, तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. बाबासाहेब स्वतः तिथून जवळच, पोयबावडीच्या बीआयटी चाळीत, दोन खोल्यांत राहत होते. म्हणजे आमच्या बाऱ्या जिथे रंगत त्या भिंतींनी हेही ऐकलं होतं.

आणि हे कळल्यावर आमची वही वाचताना मी अडखळलो. साच्यावर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढायचं. दिवसातून शेकडो वेळा. तोच धोटा पुढच्या पाळीचा माणूस तोंडाला लावणार. म्हणून महार समाजाच्या कामगाराला विणकाम खात्यात पाय ठेवू देत नसत. त्याच्या वाट्याला कताई खात्यातली कमी पगाराची कामं. पगार सगळ्यांत बरा कुठे, तर विणकामात. 1928 च्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी ही गोष्ट युनियनच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडली. बाबा विणकाम खात्यात. बत्तीसपैकी वीस जण विणकाम खात्यात. आमच्या गावची बौद्धवाडी मुंबईत नायगावला राहायची. मी पंधरा वर्षांचा होईपर्यंत मला हे माहीतच नव्हतं की आमच्या गावच्या मुंबईत दोन खोल्या आहेत. गावात वाडी वेगळी, मुंबईत चाळ वेगळी, मधे फक्त बसचं तिकीट.

नायगावच्या खोलीतही ढोलकी होती, पेटी होती. त्यांच्याकडे जलसे व्हायचे. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलशाची जी रीत घातली, तिचेच हे वारसदार. एका गावची माणसं, कानाला तीच वळणं, पण एक आवाज पंढरपूरकडे तोंड करून आणि दुसरा दीक्षाभूमीकडे. गिरणगावाला गोकुळ म्हणून रंगवणारे लेख मी वाचतो तेव्हा मला हे आठवतं. आपली माणसं सोबत असणं म्हणजे उरलेली माणसं बाहेर असणं, हे शहरात आल्याने आपोआप मिटलं नाही. ज्यांनी ते मोडायचा प्रयत्न केला तेही गाणारेच होते. 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं राहिलं, त्यात वाटेगावहून आलेले, मातंग समाजाचे अण्णा भाऊ साठे होते आणि बार्शीचे अमर शेख होते. त्यांच्या डफावर कुणाच्या गावकीचा शिक्का नव्हता. बाबा सांगायचे, नाक्यावर अमर शेखांचा आवाज लागला की दोन्ही खोल्यांतले लोक एकाच फुटपाथवर उभे असत. शेजारी उभे राहायचे, एवढंच. परत जाताना आपापल्या वाटेने.

मी बाबांना एकदा विचारलं होतं, साच्याचा ठेका ऐकून ऐकून तुम्हाला ताल पक्का झाला का? मला वाटलं होतं ते हो म्हणतील. मी तसं कुठेतरी लिहिणारही होतो. ते म्हणाले, "साच्याला कसला ताल? दोन साचे दोन तऱ्हांनी बोंबलतात, आणि शेजारचे पाचशे त्यात भर घालतात. कान मेले ते तिथेच." खरंच, विणकाम खात्यातली माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून बोलत. पन्नाशीला बाबा जवळजवळ बहिरे होते. शेवटी शेवटी ते पखवाज मांडीला घट्ट धरून वाजवायचे. ऐकू येत नसे, मांडीला कळे.

लोक म्हणतात गिरणगावाने गावची कला जपली. जपली, पण आमच्या वहीत उलट वाहतूकच जास्त दिसते. आमच्या गावच्या देवळात पूर्वी नुसते टाळ होते. पहिला पखवाज 1958 च्या शिमग्यात मुंबईहून गेला, वर्गणीतून, एसटीच्या टपावरून. पेटी त्याच्या पुढच्या वर्षी. नाटकाचे पडदे, मिशा, रंगाची डबी, पेट्रोमॅक्स, सगळं मुंबईहून. मी पोस्टात असताना पगाराच्या दिवसांत मनीऑर्डरींचे फॉर्म भरून द्यायचो. खालच्या चिठोऱ्यात दोन ओळी मजकूर मावायचा. त्यात "मुलांना शाळेत पाठव" जितक्या वेळा लिहिलं, जवळजवळ तितक्याच वेळा "पुडी बदलून घेतली आहे, शिमग्याला आणतो" असं लिहिलं. मुंबईत चाकरमानी भजनी झाला आणि मग गाव भजनी झालं.

हे आमच्यापुरतंच नाही. धोबीतलाव-डाबूल भागात गोव्याच्या गावागावांचे कूड होते, काही अजून आहेत. तिथेही तशाच ट्रंका, तशीच वर्गणी; फक्त कोपऱ्यात पखवाजाऐवजी वेदी, आणि संध्याकाळी रोझरी. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, वाजंत्री तिथे उतरत. आणि गोव्याचा म्हणून जो तियात्र आपण ओळखतो, त्याचा पहिला प्रयोग झाला मुंबईत. लुकाझिन्य रिबेरो यांचा 'इटालियन भुरगो', 17 एप्रिल 1892 रोजी, न्यू आल्फ्रेड थिएटरात. नंतर तो गोव्यात गेला आणि गोव्याचाच झाला. गोव्याचे लोक हे ऐकून थोडे नाराज होतात. आमच्या गावचे लोकही पखवाजाची नोंद दाखवली की होतात.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. गाव मागे होतं म्हणून 1928 चा संप सहा महिने टिकला होता. शेतीवर जाऊन बसता यायचं. तेच शहाणपण लोकांनी 1982 मध्येही वापरलं. खोली महिन्याभरात रिकामी झाली. ट्रंका मात्र ठेवून गेले, परत यायचंच आहे म्हणून. हा संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. ट्रंका दोन वर्षं तशाच होत्या, मग एकेक जण येऊन घेऊन गेला. काही आलेच नाहीत. बाबा परत आले नाहीत. गावच्या भजनात ते शेवटपर्यंत मांडी घालून बसले. भजनाच्या वहीतली 1982 ची एकच नोंद: "पखवाज गावी पाठवला." खाली सही माझी.

खोली पुढे गावातल्याच एकाच्या कुटुंबाकडे राहिली. आता बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उठताहेत, त्यातच तीही जाईल. आमची माणसं दिवा, विरार, नालासोपाऱ्याला पांगली. मंडळ कागदावर आहे, आणि महिन्यातून एका रविवारी भाच्याच्या सोसायटीत, दिव्याला, दहा-बारा जण जमतात. नायगावच्या खोलीतल्या एकाचा नातू झील धरायला येतो, गळा उत्तम. त्याला कुणी काही विचारत नाही, त्याच्या आजोबांना का बोलावलं नव्हतं हेही कुणी बोलत नाही. सोसायटीचा नियम आहे, रात्री दहानंतर आवाज बंद.

गेल्या महिन्यात पखवाज काढला आणि लक्षात आलं, कणीक नाही. भाच्याच्या घरी सगळे बाहेरगावी, डब्यात तांदूळ तेवढा. तो खालच्या हॉटेलात विचारून आला, त्यांच्याकडे मैदा. मैद्याला चिकटपणा जास्त, घुमार धड येत नाही. शेवटी समोरच्या दारावर टकटक केली. जौनपूरकडची बाई, नवरा ओला चालवतो. कशाला हवी, असं तिने विचारलं. पखवाजाला, म्हटल्यावर तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा पखवाजाकडे पाहिलं आणि परातीतून गोळा तोडून वाटीत घातला. भजन सुरू झाल्यावर तिने आपलं दार अर्धं उघडं ठेवलं होतं. पावणेदहाला गजर आटोपला, मी पुडी खरवडली.

तिची वाटी अजून परत करायची राहिली आहे.